शाळा छान होती

ओजस डुबल बोलायला लागला तेव्हा त्याला दहावं वर्ष लागलं होतं. त्याचं पहिलं वाक्य ऐकायला कराडच्या एसटी स्टँडामागच्या त्या दोन खोल्यांत अर्धी गल्ली जमली होती. वाक्य काही फार मोठं नव्हतं. "आई, मला भूक लागली आहे," एवढंच. पण ते ऐकताच त्याची आई तृप्ती ताट वाढायला धावली. बाप सुशांत एसटीचा ड्रायव्हर, घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी चेहरा हलू न देणारा माणूस. तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

"लागली आहे म्हणतंय बघ," टॉवेलनं तोंड पुसत तो म्हणाला. "आपल्यात कोण म्हणतं असं? आपण लागलीय म्हणतो."

सगळे हसले. पेढे वाटायच्या गडबडीत त्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि खरं तर तिथेच लक्ष द्यायला हवं होतं.

ओजसला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि हात, पाय, जीभ यांनी त्याचं ऐकायचं नाही असं जणू ठरवून टाकलं. डोकं मात्र तल्लख. स्टँडवरच्या यच्चयावत गाड्यांच्या वेळा त्याला पाठ. खिडकीशी व्हीलचेअर लावली की चिपळूण गाडी चुकीच्या फलाटावर लागलेली त्याला कंट्रोलरच्या आधी कळायची आणि तो खदखदा हसायचा. अंग वाकडं व्हायचं, लाळ गळायची, पण ते हसू अस्सल असायचं.

यंत्र यायच्या आधी मायलेकरांची तीन खुणांची भाषा होती. डोळे वर नेले की हो. डोळे मिटले की नाही. आणि कपाळ आईच्या हनुवटीला टेकवलं की उचलून घे. एवढ्या भांडवलावर त्यांनी नऊ वर्षं संसार केला होता. त्यात वरण की आमटी इथपासून देव आहे का इथपर्यंत सगळ्याची चर्चा झालेली होती.

मग कंठिका आली.

कंठिका म्हणजे गळ्याभोवती बसणारी बोटभर रुंदीची मऊ पट्टी. पुण्याच्या कंपनीतून नेर्लेकर नावाचा तरुण इंजिनिअर ती घेऊन आला. त्याने तृप्तीला नीट समजावून सांगितलं होतं. आपण काही बोलायचं मनात आणलं की मेंदूकडून तसा हुकूम निघतो आणि बारीकशा विजेच्या रूपाने घशाच्या नि जिभेच्या स्नायूंपर्यंत पोचतो. आवाज निघो न निघो, हुकूम निघतोच. ओजसचेही निघत होते, पण एकाच फोनवर चारजण एकदम बोलावेत तसे एकमेकांत मिसळून जात होते. कंठिका ती सगळी वीज टिपायची, तिची उकल करायची आणि हा काय म्हणत असेल याचा अंदाज बांधून छोट्या स्पीकरमधून बोलायची.

"अंदाज?" तृप्तीने विचारलं होतं.

"अंदाजच, ताई. खुणा स्पष्ट असल्या की तो म्हणतो तेच बोलेल. अस्पष्ट असल्या की यंत्राचा स्वतःवरच भरवसा बसत नाही. मग ते साठ्यात बघतं. म्हणजे अशा वेळी हा मुलगा सहसा काय बोलतो, ते."

"पण तो आजवर काही बोललाच नाही."

"म्हणून तर साठा तुम्ही भरायचाय," नेर्लेकर म्हणाला. "तो बोलता असता तर काय काय बोलला असता, अशी शेकडो वाक्यं तुमच्या आवाजात द्या. पुढं मग त्याच्या आजूबाजूला जे सारखं कानावर पडेल तेही यंत्र आपणहून साठ्यात घेईल. आपली सगळ्यांची भाषा अशीच तयार होते."

तृप्तीला हे काम नवं नव्हतं. लग्नाआधीपासून ती स्टँडच्या नियंत्रण कक्षात माइकवर बसायची. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की बाजारात भाजीवाल्या तिला आवाजावरून ओळखायच्या. पुढे तिचा आवाज यंत्रात साठवून घेतला गेला, माइक बंद झाला आणि तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. आता ती खिडकीत बसायची आणि डोक्यावर तिचाच आवाज फलाट क्रमांक सांगत असायचा. रागवायचं तरी कुणावर?

तेव्हा ओजसची वाक्यं बोलायला तिने आपल्या जुन्या केबिनची परवानगी मागून घेतली. काचेच्या त्या खोलीत बसून, माइकसमोर पाठ ताठ करून, स्वच्छ उच्चारात ती बोलत गेली. मला भूक लागली आहे. मला तहान लागली आहे. शाळा छान होती. खूप मजा येते. सगळे माझे चांगले मित्र आहेत. मला काही त्रास नाही. धन्यवाद. एकेक वाक्य म्हणताना तिला पोराचा तसा दिवस डोळ्यांपुढे दिसायचा आणि गळा भरून यायचा. मग ते वाक्य ती पुन्हा म्हणायची, कारण माइकवर आवाज थरथरलेला चालत नाही.

नेर्लेकरने ती वाक्यं ऐकली आणि तो डोकं खाजवू लागला.

"ताई, हे सगळं चांगलंच आहे. पण तो रडेल, चिडेल, तक्रार करेल. शिवीसुद्धा देईल. तीही द्या ना."

"शिवी?"

"बरं, शिवी राहू द्या. मला मारलं, मला भीती वाटते, मला नको, असं काही."

तृप्तीने जीभ चावली. "तसलं कशाला शिकवायचं लेकराला? आमच्या घरात वाईट बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणत असते."

तिची आजी असं म्हणायची, आई म्हणायची, आणि तिन्हीसांजेला कुणी 'मरू दे' म्हटलं तरी तिचा अजून जीव दचकायचा. नेर्लेकरच्या घरीही हेच चालत असणार, कारण तो हसला आणि त्याने वाद घातला नाही. फक्त निघताना पायांत बूट घालता घालता म्हणाला, "तो भाग रिकामा ठेवलात तर यंत्र तिथं गप्प बसणार नाही हां, ताई. जवळचं काहीतरी उचलेल."

तृप्ती तेव्हा ओजसच्या गळ्यातली पट्टी सारखी करत होती. तिने मान हलवली, पण ऐकलं अर्धंच.

बोलता झाला म्हणून ओजसला साध्या शाळेत प्रवेश मिळाला. पाचवीचा वर्ग, मोकाशी बाई वर्गशिक्षिका, दाराशी खुर्चीसाठी उतरण बांधून घेतलेली. पहिल्याच दिवशी वेदांग साळुंखे नावाचा एक चुणचुणीत मुलगा पुढे झाला. "काकू, मी नेतो त्याला," म्हणत त्याने खुर्ची ढकलत आत नेली. तृप्तीला त्याचं इतकं कौतुक वाटलं की तिने त्याला रविवारी घरी बोलावून बेसनाचे लाडू खाऊ घातले, आणि संध्याकाळी साठ्यात एक वाक्य वाढवलं: वेदांग माझा चांगला मित्र आहे.

रोज संध्याकाळी ती कामावरून यायची, पर्स खुंटीला लावायची आणि विचारायची, "मग, कशी होती शाळा?"

ओजसचं अंग ताठरायचं, मान एकीकडे ओढली जायची, हात हवेत उडायचे. क्षणभराने कंठिका बोलायची, "शाळा छान होती."

"काय काय केलंत?"

"खूप मजा येते."

पोरगं आनंदानं कसं हात उडवतंय, असं ती शेजारच्या बायकांना सांगायची.

शर्टाचं बटण तुटून आलं, तिने नवं लावलं. दप्तर ओलं होऊन आलं, तिला वाटलं बाटली सांडली. डब्यातली पोळी तशीच परत येऊ लागली तेव्हा तिने विचारलं, "पोट दुखतं का रे?" यंत्र म्हणालं, "मला काही त्रास नाही." मध्येच ओजस हनुवटीने पट्टी ओरबाडायला बघायचा. घामानं खाजत असेल म्हणून तिने गळ्याला पावडर लावली. एवढी वर्षं जी बाई त्याच्या पापणीच्या हालचालीवरून ताप ओळखायची, ती आता त्याच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून गळ्याकडे बघू लागली होती. आवाज तिथून येत होता ना.

दिवाळीआधी मोकाशी बाईंचा फोन आला. ओजसने भर वर्गात त्यांना 'म्हैस' म्हटलं होतं. वर्ग हसला, आणि बाईंना पुढे शिकवता येईना.

तृप्ती शरमेनं अर्धी झाली. घरी आल्यावर तिने पोराला समोर घेतलं आणि आवाज चढवला. "हेच शिकवलं का मी तुला? आम्ही जिवाचं रान करतोय आणि तू बाईंना नावं ठेवतोस? बाईंची माफी माग आत्ता. फोन लावते."

ओजस मान इकडून तिकडे झटकत होता. डोळे घट्ट मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. तोंडातून घुसमटल्यासारखा आवाज येत होता. फोन लागला, आणि कंठिका स्वच्छ उच्चारात म्हणाली, "मला माफ करा. पुन्हा असे होणार नाही. धन्यवाद."

"शहाणं माझं बाळ ते," तृप्ती म्हणाली आणि तिने त्याचे डोळे पुसले. माफी मागताना पोर रडलं, याचं तिला बरंच वाटलं होतं.

सुट्टी संपली. शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी तिला ओजसच्या गळ्यावर पट्टीखाली लाल चट्टे दिसले. नेर्लेकर म्हणायचा, जितका वेळ घालाल तितकं यंत्र लवकर शिकेल, म्हणून झोपेपुरती सोडली तर पट्टी गळ्यातच असायची. अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने उरकली जायची. त्या दिवशी मात्र तिने पट्टी काढून कपाटावर ठेवली, तेल कोमट केलं आणि पूर्वीसारखं मोरीत पाटावर त्याला मांडीशी धरून न्हाऊ घालायला बसली. ताठरलेले स्नायू तेलाखाली हळूहळू सैल पडत होते. खूप दिवसांनी ते दोघं यंत्राशिवाय समोरासमोर आले होते.

"उद्या शाळा," डोक्यावर पाणी घालत ती म्हणाली. "मज्जा आहे बाबा एका मुलाची."

हाताखालचं अंग एकदम लाकूड झालं. ओजसने डोळे घट्ट मिटले.

तिला वाटलं साबण गेला. तिने पदराने डोळे टिपले. त्याने डोळे उघडून तिच्याकडे सरळ पाहिलं आणि पुन्हा मिटले, सावकाश, तिला कळेल असे.

तृप्तीचा तांब्या हातात तसाच राहिला.

"शाळा नको?"

डोळे वर गेले.

"कुणी काही बोललं?"

वर.

आता पुढचं विचारायचं होतं, आणि तिथे तिला कळलं की डोळ्यांच्या भाषेत ओजस फक्त उत्तर देऊ शकतो. प्रश्न तिचा तिलाच काढायला हवा. जे तिच्या तोंडून निघणार नाही ते त्याला सांगताच येणार नाही. ज्या गोष्टी तिने उभ्या जन्मात घरात उच्चारल्या नव्हत्या, त्या आता एकेक करून मोठ्याने म्हणायच्या होत्या.

"मारतात?"

वर.

"खुर्चीतून ढकलतात?"

वर.

"डबा काढून घेतात?"

डोळे मिटले. तिला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरं सुचलं. "डब्यात काही टाकतात?"

वर.

"कोंडून ठेवतात? वर्गात?" मिटले. "बाथरूममध्ये?"

वर.

"बाईंना तू म्हैस म्हणालास?"

डोळे मिटले, आणि मिटलेलेच राहिले. पापण्यांखालून पाणी ओघळू लागलं, ते अंघोळीचं नव्हतं.

"अरे, मग मला का नाही—" एवढं म्हणून ती थांबली. का-चं उत्तर डोळ्यांनी देता येत नाही. तिने श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, "तुला मला सांगायचं होतं?"

वर.

"सांगत होतास?"

वर.

"रोज?"

ओजसने डोळे वर नेले आणि खाली आणलेच नाहीत. बादलीतलं पाणी निवून गेलं तरी ती तशीच बसून होती. त्याचं डोकं तिच्या छातीशी होतं.

सोमवारी पट्टी घालून ओजस शाळेत गेला. तो डोळे मिटत होता तरी तिने त्याला पाठवलं, कारण काय चालतं ते तिला स्वतःला बघायचं होतं, आणि त्यासाठी तो तिथे असायला हवा होता. याबद्दल तिने स्वतःला पुढेही माफ केलं नाही. मधल्या सुट्टीच्या आधी ती चौकशीची खिडकी सोबतच्या बाईवर सोपवून निघाली आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीआड उभी राहिली.

मुलांनी व्हीलचेअर पटांगणाच्या मधोमध उन्हात आणून तिचे ब्रेक लावले. भोवती रिंगण झालं. खेळाचं नाव होतं 'स्टँड'. वेदांगने स्टीलचा डबा आणि झाकण घेतलं, हळूच मागे गेला आणि ओजसच्या कानाशी दाणकन वाजवलं. असल्या मुलांना अचानक झालेला साधा आवाजसुद्धा सोसत नाही. सगळं अंग धनुष्यासारखं उलटं ताणलं जातं. ओजसचं तसं झालं. डोळे पांढरे झाले, हात वाकडे झाले, आणि गळ्यातून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. म्हसोबावाडीला जाणारी म्हैस फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे."

हे मुलांनीच त्याच्या कानाशी घोकून घोकून साठ्यात घातलं होतं. बाईंना ऐकू गेलेली 'म्हैस' इथलीच. सूर मात्र तृप्तीचा होता. मुलं हसून लोटपोट झाली. कुणीतरी म्हणालं, "परत, परत." डबा पुन्हा वाजला. ओजस पुन्हा ताणला गेला, आणि या वेळी यंत्राने आणखी खोल हात घातला.

"धन्यवाद. सगळे माझे चांगले मित्र आहेत."

यावर तर पोरं जमिनीवर बसली.

तृप्ती केव्हा धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. वेदांगवर उगारलेला हात तिने हवेतच थांबवला, कारण तो हात बघून ओजस दचकला होता. तिने ब्रेक सोडले, खुर्ची सावलीत ओढली.

"काकू, आम्ही खेळतोय नुसतं," वेदांग म्हणाला. तो घाबरला होता, पण खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत असावं. "त्याला आवडतं. विचारा त्यालाच. ओजस, मजा येते ना?"

ओजसचा जबडा थरथरत होता. हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता.

"खूप मजा येते," कंठिका म्हणाली. "मला काही त्रास नाही."

"बघा," वेदांग म्हणाला.

गलका ऐकून मोकाशी बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी विचारलं होतं हो त्याला," त्या म्हणाल्या. "एकदा नाही, कितीदा. शंका आली की बाजूला घेऊन विचारायचे. तो दर वेळी म्हणायचा, सगळे मित्र आहेत. त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी आणखी काय करणार होते?"

"त्याच्या तोंडून नाही ऐकलंत, बाई," तृप्ती म्हणाली. आणि लगेच तिच्या मनात आलं, तिने तरी कुठे ऐकलं होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावलं. वेदांगची आई रडली. वेदांगला काही दिवस घरी बसवलं. ओजसने ते काही बघितलं नाही. तो खिडकीशी बसून असायचा, आणि चिपळूण गाडी चुकीच्या फलाटावर लागली तरी हसायचा नाही.

नेर्लेकर पुण्याहून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भीती वाटली की त्याचे स्नायू ताठरतात," तो म्हणाला. "ताठरले की खुणा सगळ्यात जास्त विस्कटतात. विस्कटल्या की यंत्राचा भरवसा उडतो आणि ते साठ्याकडं धावतं."

"म्हणजे त्याला जेव्हा सगळ्यात जास्त सांगायचं असतं—"

"तेव्हा ते सगळ्यात जास्त तुमचं बोलतं, ताई. मी त्याच वेळी हट्ट धरायला हवा होता."

त्याने उपाय सुचवला. राहिलेली वाक्यं आता भरू. भीती, राग, नकार, सगळं. तृप्ती दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये जाऊन बसली. माइक सुरू केला. 'मला मारतात,' ती म्हणाली. 'मला भीती वाटते.' उच्चार स्वच्छ होते. सूर तोच होता. तिने माइक बंद केला आणि ती उठून घरी आली.

"नको," तिने नेर्लेकरला सांगितलं. "तेही माझंच झालं. साठा सगळा पुसून टाका, पुन्हा आपोआप भरूही देऊ नका. त्याचं त्याला जे जमेल तेवढंच बोलू दे."

"ताई, मग दिवसच्या दिवस काही येणार नाही. आला तर एखादा शब्द. पूर्ण वाक्य कदाचित कधीच येणार नाही."

सुशांत इतका वेळ दारात उभा होता. "आगं, पोरगं बोलत हुतं की," तो म्हणाला. "सगळ्या डेपोला सांगितलंय मी. आता परत मुकं करायचं त्याला?"

"ते बोलत नव्हतं," तृप्ती म्हणाली. "मी बोलत होते."

मग तिने ओजससमोर बसून, त्याच्या गळ्याकडे न बघता, त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "पुसू सगळं?"

डोळे वर गेले.

साठा पुसला गेला आणि घर गप्प झालं. आधीच्या नऊ वर्षांतही ते कधी इतकं गप्प नव्हतं. ती बोलायची, डोळ्यांत उत्तर शोधायची. डोळे हो किंवा नाही म्हणायचे आणि पुन्हा खिडकीकडे वळायचे. कपाळ काही हनुवटीला टेकायचं नाही. शाळेचं काय करायचं ते तिने विचारलं नाही. घालायची की नाही ते दर सकाळी विचारून ती पट्टी बांधायची, आणि तो दर सकाळी डोळे वर न्यायचा. याला काहीतरी म्हणायचंय, एवढं तिला कळत होतं. काय ते मात्र ती विचारत नव्हती, कारण तिच्या प्रश्नात पुन्हा तिचीच उत्तरं निघाली असती.

एका तिन्हीसांजेला तिने देवापाशी दिवा लावला आणि ती वळली, तर ओजस तिच्याकडे बघत होता. मान ताठ. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. तो काहीतरी ओढून बाहेर काढत होता.

तिच्या ओठांवर सवयीने आलं, काय हवंय बाळा, पाणी हवंय का. तिने ते गिळलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

कंठिकेतून खरखर आली. मग एक आवाज. तिच्यासारखा नाही, सुशांतसारखा नाही. तुटका, दबका, कुठलाही सूर न लागलेला.

"तू."

तिने मान हलवली. तो दमला होता, लाळ गळत होती, पण तिने पुसायला हात पुढे केला नाही, मध्ये काही मोडेल म्हणून. सुशांत आतून येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बराच वेळ गेला. दिव्याची वात काजळली.

"ऐकलं."

क्षणभर तृप्तीला वाटलं एवढंच असावं. तू ऐकलंस, शेवटी ऐकलंस. इथेच थांबला असता तर तिने ते आयुष्यभर उराशी धरलं असतं. पण ओजसचं अंग अजून ताणलेलं होतं, डोळे तिच्यावरून हलत नव्हते, आणि शब्द अजून यायचा होता. तो घामाघूम झाला होता.

"नाहीस."

पट्टीची खरखर थांबली. त्याची मान खाली पडली.

तिन्हीसांजेची वेळ होती आणि घरात पहिल्यांदाच असं काही मोठ्याने बोललं गेलं होतं. तृप्तीच्या मनात शंभर गोष्टी आल्या. मला कसं कळणार होतं राजा, ते यंत्र म्हणायचं, मी तुझ्या भल्यासाठीच. त्यातली एकही तिने तोंडाबाहेर येऊ दिली नाही.

"नाही ऐकलं," ती म्हणाली. "खरंय तुझं. मी नाही ऐकलं."

ती त्याच्या खुर्चीशी सरकली आणि तिने आपली हनुवटी त्याच्या कपाळाच्या पातळीला आणली, पूर्वी आणायची तशी. त्याने कपाळ टेकवलं नाही. तिने विचारलं, "उचलून घेऊ?"

ओजसने डोळे मिटले.

ते नाही होतं. यंत्राच्या आत ते आता बदलणार नव्हतं, गोड होणार नव्हतं, आणि तिलाही ते बदलता येणार नव्हतं. ते तिला फार लागलं. ती तशीच बसून राहिली आणि त्याला हात लावला नाही.

बाहेर दिवे लागले. स्टँडवरच्या भोंग्यातून तिचाच आवाज आला, स्वच्छ आणि प्रसन्न. पाटणमार्गे चिपळूणला जाणारी बस फलाट क्रमांक चारवर लागलेली होती, आणि प्रवाशांनी लक्ष दिल्याबद्दल तो त्यांना धन्यवाद देत होता. तृप्ती उठली, तिने खिडकी घट्ट लावून घेतली, आणि पुन्हा येऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली.